चोरलेला दहावा

त्या वर्षी आमच्या वर्गात सगळे एकच मालिका बघत होते. परदेशातलं एक गाव, गावाबाहेर नदी, आणि मेलेली माणसं उठून चालायला लागलेली. झॉम्बी म्हणजे काय हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरी कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि टीव्हीवर आई लावेल तेच चालतं. त्यामुळे मी ही मालिका मैत्रिणीच्या घरी बघायचे. शनिवारी दुपारी, आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या पैसेवाल्या वस्तीत, माधव नगरला.

मैत्रीण म्हणजे वर्गातली, माझ्याच बेंचवरची. तिचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. घरात भिंतीएवढा टीव्ही. आम्ही वर्गातल्या चार-पाच जणी जमायचो, तिची आई कचोरी करायची, आणि पुढच्या व्हरांड्यात तिचे दादाजी खुर्ची टाकून बसलेले असायचे. त्यांना कमी ऐकू यायचं. मी आत शिरले की हात वर करून म्हणायचे, "आओ मराठी बिटिया, आज कितने मरेंगे?" मग मी मोठ्याने सांगायचे, "दादाजी, मरे हुए ही हैं सब!" आणि ते खूश व्हायचे. मला वाटतं, दिवसभरात त्यांच्याशी तेवढंच कुणीतरी बोलत असावं.

मैत्रिणीचं एक चॅनल होतं. दर भागानंतर ती मोबाइलसमोर बसून पुढे काय होणार याचे अंदाज सांगायची. ती बोलायला फार छान होती. मला वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायचा धीर होत नाही. ती चुकीचं उत्तरसुद्धा असं द्यायची की सर मान डोलवायचे.

त्या मालिकेत एक नर्स होती. तिला झॉम्बी चावतो, पण ती बदलत नाही. दिवस जातात, ती आपल्या लहान मुलीला घेऊन गावोगाव फिरते, आणि धडधाकट राहते. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की तिच्या रक्तात काहीतरी आहे, त्यातून औषध निघणार. चॅनलवर मैत्रीणही तेच सांगत होती.

मला ते पटत नव्हतं. मला वेगळंच दिसत होतं, ते कावळ्यांमुळे. मालिकेत मागे कुठे ना कुठे कावळे असायचे, आणि नर्स खिडकीत, दगडावर, कुठेही काही खायचं ठेवी, तेव्हा कावळा जवळ यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि न खाता उडून जायचा. दुसऱ्या कुणाच्या अन्नाशी असं होत नव्हतं. मी मैत्रिणीला म्हटलं, ती वाचलेली नाहीये. तिला झॉम्बी चावला त्याच दिवशी ती गेली. तिचं फक्त काहीतरी राहिलंय. मुलगी नदीपलीकडे सुखरूप पोचली की ती पडेल, आणि मगच कावळा शिवेल.

"ये कहाँ से आया तेरे दिमाग़ में?" तिने विचारलं.

कॅन्टीनमध्ये आम्ही दोघीच होतो. मी तिला सांगितलं. मी हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेल्याचा जीव मोकळा झाला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली असं धरतात, आणि घरचे एकेक पुढे होऊन हात जोडून त्याला शब्द देतात. माझे आजोबा गेले तेव्हा मी बारावीत होते. मुली घाटावर जात नाहीत, पण मला आजोबांनीच वाढवलेलं, म्हणून हट्टाने गेले आणि लांब पायरीवर उभी राहिले. पिंड ठेवला. कावळे होते. एक तर अगदी जवळ, खांबावर बसला होता. खाली उतरत नव्हता. काका पुढे झाले, म्हणाले, "आईला अंतर देणार नाही, अण्णा." काही नाही. आत्याच्या यजमानांनी काहीतरी म्हटलं. काही नाही. ऊन चढत गेलं. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववू या.

माझे बाबा इथल्याच देवास गेटच्या स्टँडवर, बसच्या बुकिंगला आहेत. दिवसभर "इंदूर, इंदूर, बैठो इंदूर" ओरडून त्यांचा आवाज कायमचा बसलाय. बारावीनंतर मला देवासला मावशीच्या दुकानात बसवायचं त्यांनी ठरवलेलं होतं, आणि आजोबांचं त्यांच्याशी त्यावरूनच शेवटचं भांडण झालं होतं. त्या दिवशी बाबा सगळ्यांत शेवटी पुढे झाले आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "पोरीला कॉलेजात घालतो." आणि कावळा उतरला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही. जूनमध्ये बाबा माझ्याबरोबर फॉर्म भरायला आले, एवढंच.

मी हे सांगितल्यावर मैत्रीण रडली. खरंच रडली, ओढणीने डोळे पुसले. माझा हात धरून म्हणाली, "यार, तू कितनी लकी है." मला फार हलकं वाटलं. म्हटलं, आपल्याला एक खरी मैत्रीण मिळाली.

पुढच्या आठवड्यात तिच्या चॅनलवर व्हिडिओ आला. नर्स, कावळे, राहिलेली इच्छा, सगळं माझं, माझ्याच क्रमाने. आणि मग ती जरा थांबली, खाली बघितलं आणि म्हणाली, "ये मुझे इसलिए पता है, क्योंकि जब मेरे दादाजी गए थे..." घाट, खांबावरचा कावळा, आणि "पापा ने हाथ जोड़कर कहा, बिटिया को पढ़ाऊँगा." इथे तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली लोकांनी हृदयं टाकली होती. कुणी लिहिलं होतं, तुमच्या दादाजींना नमन.

तिचे दादाजी त्या वेळी व्हरांड्यात बसून पपई खात असतील.

मी दुसऱ्या दिवशी तिला विचारलं. ती हसली. "अरे, कंटेंट है यार. तेरा नाम लेती तो तू ही शर्मा के मर जाती."

"पण ते माझे आजोबा होते," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून.

तिला समजलं. इथे सगळ्यांना तेवढं मराठी समजतं. "तो तू बना ले वीडियो," ती म्हणाली. "चैनल कहाँ है तेरा?"

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. मी गप्प बसणाऱ्यांतलीच आहे. पण त्याच संध्याकाळी बाबा घरी आले आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "बुकिंगवर पोरं मोबाइलवर काहीतरी बघत होती. घाटावरचं." मी घास तसाच धरून बसले. बाबा म्हणाले, "घरातलं बाहेर सांगू नये गं." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. आईने मला विचारलं, काय झालं? मी ताटं उचलून मोरीत नेली.

मला तेव्हा दोन गोष्टी हव्या होत्या. आजोबांचा दहावा त्या मोबाइलमधून निघायला हवा होता, आणि तिला भोगायला लागायला हवं होतं. दुसरी जास्त हवी होती. वर्गात तिच्या शेजारी बसून मी वहीवर लिहीत असायचे आणि मनात एकेक बेत करून पाहायचे. तिला खोटाच अंदाज पुरवायचा आणि सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं, असं पण डोक्यात आलं. पण त्यात तिची फक्त फजिती झाली असती. फजितीतून ती हसत बाहेर पडते, ते मी पाहिलं होतं. मग एकदा ती सहज म्हणाली, "दादाजी पीछे पड़े हैं, मेरा वीडियो देखना है. कौन बैठाए उनको!" तेव्हा मला कळलं काय करायचं ते.

शनिवारी मी लवकर गेले. ती वर केस धूत होती. दादाजींनी हात वर केला. मी जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, "दादाजी, पोती का वीडियो देखेंगे? बड़े टीवी पर?"

"तुझे लगाना आता है?"

"आता है." मी आधीच्या शनिवारी तिच्या मागे उभी राहून शिकून घेतलं होतं.

मी त्यांना हात धरून आत आणलं, सोफ्यावर बसवलं, आणि आवाज होता तेवढा सगळा वाढवला. तिची आई पिठाचे हात घेऊन कौतुकाने दाराशी आली. भिंतीएवढी मैत्रीण कावळ्यांबद्दल बोलायला लागली. दादाजी मान डोलावत होते. "अच्छा बोलती है," म्हणाले. मग ती थांबली, खाली बघितलं.

"...जब मेरे दादाजी गए थे..."

"कहाँ गए थे?" दादाजींनी मला विचारलं.

टीव्हीनेच सांगितलं. घाट आला, पिंड आला. तिच्या आईने "हाय राम, बंद कर इसे" म्हणून पिठाच्या हाताने रिमोट शोधायला सुरुवात केली. तो माझ्या मांडीखाली होता. आवाज ऐकून मैत्रीण डोक्याला टॉवेल गुंडाळून जिन्यात येऊन थांबली होती.

"मतलब मैं मर गया?" दादाजी म्हणाले.

"अरे बाबूजी, झूठी ख़बर से उमर बढ़ती है," तिची आई घाईने म्हणाली.

"तेरहवीं में लड्डू बने थे कि नहीं?" त्यांनी नातीला विचारलं. ती हसली, सुटल्यासारखी. मलाही वाटलं, गेलं, हेही ती हसण्यावारी नेणार.

पण दादाजी हसत नव्हते. ते टीव्हीवरच्या तिच्या रडण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "इतना अच्छा बताया तूने. एक बात और बता. मेरा पिंड रखा होगा न, तो कौआ किस बात पे उतरेगा?"

"दादाजी, वो तो बस कहानी..."

"हाँ, पर किस बात पे? क्या बोलोगे तुम लोग मुझे?"

ती जिन्यातच उभी होती. केसांतून पाणी पडत होतं. आईकडे बघितलं. आईने नजर खाली घातली आणि हातावरचं पीठ चोळत राहिली. ती, जी कशावरही बोलू शकायची, तिला एक शब्द सुचला नाही. दादाजींनी वाट पाहिली. मला आठवतंय, त्यांनी खरंच वाट पाहिली.

मग ते माझ्याकडे वळले, माझ्या मांडीखालून डोकावणारा रिमोट बघितला आणि विचारलं, "तेरे दादा थे?"

मी हो म्हणून मान हलवली.

"हटा इसको," ते नातीला म्हणाले. "अभी. मेरे सामने." तिने मोबाइल काढला. बोटं ओली असल्यामुळे तो नीट चालत नव्हता, टॉवेलला पुसून पुसून तिने तो व्हिडिओ काढून टाकला. दादाजी उठले आणि भिंतीला धरत व्हरांड्यात गेले. त्या दिवशी कुणी मालिका लावली नाही. मी ऑटोने न जाता पायी घरी आले, आणि सगळा रस्ता मला आतून गरम वाटत होतं. आनंदच होता तो. त्याला दुसरं नाव द्यायला मला जमत नाही. दादाजींसाठी वाईट वाटलं, पण ते घरी पोचल्यावर.

नंतर तिने चॅनलवर परत औषधाचाच अंदाज धरला. आम्ही शेजारी बसत होतो, जागा ठरलेल्या असतात म्हणून.

शेवटचा भाग सगळ्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बघितला. नर्सने मुलीला होडीत बसवलं. होडी पलीकडे लागली. मुलीने हात हलवला. नर्स काठावर खाली बसली, तिच्या तळहातावर पावाचा तुकडा होता, आणि कावळा आला आणि तो घेऊन गेला. मग ती आडवी झाली. मागची एक मुलगी हुंदके देत होती.

दिवे लागल्यावर एकच गलका झाला. "ये तो किसी ने सोचा ही नहीं था!" एक जण मैत्रिणीला म्हणाला, "तेरा दवाईवाला तो गया पानी में, मैडम." दुसरा म्हणाला, "यार, तू ही तो बोली थी एक बार, कौए का कुछ? वो वीडियो कहाँ गया?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तो व्हिडिओ असता तर त्या दिवशी ती अख्ख्या कॉलेजात एकटीच बरोबर ठरली असती. आणि तिने आता माझं नाव घेतलं असतं, तर तो व्हिडिओ का काढून टाकला तेही तिला सांगावं लागलं असतं. मी तिच्याकडे बघत राहिले. मला बोलता आलं असतं, तो अंदाज माझा होता. पण मग कुणीतरी विचारलंच असतं, तुला कसं कळलं? आणि ते मी आता कुणाला सांगणार नव्हते. बाबांना तोंडाने नाही, पण मनात तेवढा शब्द मी दिला होता.

"नहीं," ती म्हणाली. "वो मैंने नहीं बोला था."

मला ते वाक्य फार आवडलं. तिने चपला घातल्या आणि आमच्यासाठी न थांबता निघून गेली. मी मागे राहून बाकीच्यांबरोबर खुर्च्या उचलून लावल्या. सगळे अजून बोलत होते, असं कसं कुणाला सुचलं नाही म्हणून, आणि मी ऐकत होते.