आडवी दाढ आणि उजवा डोळा

दाढ काढली की त्या बाजूचा डोळा जातो, हे मला पहिल्यांदा कोणी सांगितलं ते आठवत नाही. त्या उन्हाळ्यात ते सगळ्यांनीच सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं, पोलकी शिवायला टाकायला येणाऱ्या बायकांनी सांगितलं, आणि एसटीच्या थांब्यावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसानंही माझा सुजलेला गाल बघून, न विचारता सांगितलं.

मोठ्या दुष्काळानंतरचं ते दुसरं वर्ष. पुढं ढकललेली लग्नं एकदम निघाली होती. आम्ही तेव्हा कुंभार पिंपळगावात राहायचो. हे तिथल्या शाळेत मास्तर होते आणि मी घरी बायकांचे कपडे शिवायची. गावात पुरुष शिंपी होता, पण त्याच्याकडे सुना माप द्यायला जायच्या नाहीत. जुनं पोलकं मापाला पाठवायच्या आणि मग नवं काखेत काचतंय म्हणून वर्षभर कुरकुरायच्या. मी आल्यावर त्यांची ती कटकट मिटली. माझी सुरू झाली ती त्याच उन्हाळ्यात, खोलीभर कापडांची गाठोडी पडलेली असताना.

उजवीकडची खालची अक्कलदाढ. आधी नुसती ठणकायची, मग कान दुखायला लागला, मग जबडा असा आवळला की एका बोटापेक्षा जास्त तोंड उघडेना. भाकरी दुधात कुस्करून, तीसुद्धा डाव्या बाजूनं ढकलायची. "अक्कल येऊन राह्यली वाटतं," हा विनोद प्रत्येकजण करायचा आणि आपल्यालाच सुचला असं समजून हसायचा. पहिल्या एक-दोघांना मी हसून दाखवलं. नंतर हसायला तोंडच उघडत नव्हतं, ते बरंच झालं.

खरा त्रास शिवताना. मशीन पायाची होती. पायटा मारला की त्याचा प्रत्येक हिसका थेट दाढेत जायचा. चार बाह्या जोडल्या की डोकं धरून बसायचं. म्हणजे दाढ ठेवली तर शिवण बंद. आणि लोक म्हणत होते ते खरं असेल, तर दाढ काढली तरी शिवण बंद. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची तुरपाई मी कंदिलाच्या उजेडात करायची, सुईच्या नेढ्यात दोरा पहिल्या खेपेला ओवायची. ही नजर गेली तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मला स्वयंपाकही बेताचाच येतो.

सासूबाईंनी आधी लवंग धरायला लावली. मग हिंग. मग मिश्री लावायला सांगितली. मी तंबाखूला नको म्हटलं तर चार बायकांत म्हणाल्या, "शिकलेल्या सुनेला दुखणं चालतंय, पण मिश्री चालत न्हाई." शेवटी बाजाराच्या दिवशी त्यांनी एका बाईला घरी आणलं. ती दाढेतली कीड काढून द्यायची. तिनं निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, वर नळी धरली आणि तो धूर माझ्या तोंडात सोडला. उघडं ते बोटभरच, त्यामुळे निम्मा धूर नाकाडोळ्यांत गेला. मग तिनं मला पाण्यानं भरलेल्या परातीत थुंकायला लावलं. पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगले.

"बघा, बघा किती निघाल्या!" सासूबाईंना माझी दाढ बरी झाल्याचा इतका आनंद झाला की त्यांनी शेजारणींना परात दाखवायला बोलावलं.

मी एक किडा सुईच्या टोकावर घेतला आणि उजेडाला धरला. रिंगणीच्या बीचा आतला कोंब होता तो. उष्णतेनं बी फुटली की बाहेर पडतो. मी तसं म्हटलं. ती बाई शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडातून निघालं ते तुम्हीच बघा." शेजारणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच ते किडे पाळले होते. संध्याकाळी दाढ होती तशीच ठणकत होती. सासूबाई म्हणाल्या, "किडीची जागा दुखतीय ती. भरून यायला टाईम लागतो."

मग मात्र मी ह्यांना म्हटलं, जालन्याला चला.

जालन्यात दातांचे एक डॉक्टर होते. त्यांनी लहानसा फोटो काढला आणि मला खिडकीशी नेऊन दाखवला. दाढ उभी यायची सोडून आडवी पडलेली होती. पुढच्या दाढेच्या मुळात डोकं खुपसून. हिरडी कापावी लागेल, थोडं हाड काढावं लागेल, दाढेचे तुकडे करून काढावी लागेल, असं ते म्हणाले. नाही काढली तर सूज येत-जात राहील आणि पुढची चांगली दाढही जाईल. शेवटी, फार महत्त्वाचं नसल्यासारखं, त्यांनी सांगितलं की खालून एक नस जाते. तिला धक्का लागला तर खालचा ओठ उजवीकडं बधिर होईल. बहुतेक काही महिन्यांत येतो ताळ्यावर. कधी कधी नाहीही येत.

"आणि डोळा?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. नुसते हसले. पुढचा पेशंट बोलावला.

येताना एसटीत मला दाढेपेक्षा त्या हसण्याचा राग जास्त आला. मी एवढ्या लांबून धूळ खात आले ती तेच विचारायला. नाही जात, असं म्हणायला काय झालं होतं? हसण्यातून मी सासूबाईंना काय सांगणार होते?

घरी तेच झालं. ह्यांनी सगळं सांगितलं. ओठाची नस, हाड, तुकडे, सगळं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् डोळ्याचं काय म्हन्ला डॉक्टर?"

"हसला," हे म्हणाले.

"हसणारच. डोळा त्याचा हाय का?"

मग त्यांनी नेहमीचा दाखला दिला. मारुतीच्या पाराजवळ त्यांच्या नात्यातली एक म्हातारी राहायची. तिला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं आणि तिच्या उजव्या बाजूची दाढ काढलेली होती. गावात कुणाचीही दाढ दुखली की त्या म्हातारीचं नाव निघायचं. ह्यांनीही मान हलवली. म्हणाले, "आई म्हणतीय तर दिवाळीपर्यंत थांबू. घाई काय?"

घाई त्यांना नव्हतीच. दाढ माझी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उठले आणि त्या म्हातारीकडेच गेले. इतक्या वर्षांत तिला स्वतःला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. माझा गाल बघून म्हणाली, "ये, बस. तुझी बी उजवीच का?"

"मावशी, तुमची दाढ कधी काढली?"

"लई साल झाले. धाकटा पोटात व्हता. बाजारात एक जण पक्कड घिऊन बसायचा. त्यानं उपसली. मरणाचं रगत गेलं."

"आणि डोळा कधी गेला?"

"डोळा तर थोरल्याच्याबी आधी गेल्ता. रानात वाकले अन् तुरीचं धसकट घुसलं."

मी दोनदा मनाशी जुळवून पाहिलं. "म्हणजे डोळा आधी गेला, दाढ नंतर काढली?"

"हं."

"मग दाढेनं कसा गेला डोळा?"

म्हातारीनं शेंगा फोडायच्या थांबवल्या. चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "अगं, दाढंनंच गेला. समदं गाव म्हणतंय. मी एकटी न्हाई म्हणू का?" आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातात दिले. चावता येत नाहीत हे तिच्या लक्षात नव्हतं.

मी तडक घरी आले आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्यांचा डोळा धसकटानं गेलाय. दाढेच्या कितीतरी आधी."

"कोण म्हन्लं?"

"त्याच म्हणाल्या."

"तिला काय कळतंय? तिला नीट दिसतंय का तरी?"

डोळ्याचा प्रश्न माझ्यापुरता तिथं संपला. राहिला ओठाचा, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. भीती घालायला डोळा होता, ओठाची आठवण कुणाला येणार! पण मी शिवताना टाचण्या ओठात धरते. उजव्या कोपऱ्यात. हात दोन्ही कापडावर असतात, टाचण्या ठेवणार कुठं? बधिर ओठात टाचणी धरली तर एखादी कधी आत जाईल कळायचंही नाही.

त्या दुपारी मी टाचण्या डाव्या कोपऱ्यात धरून एक पोलकं जुळवलं. दोनदा सांडल्या. संध्याकाळी जुन्या उशीच्या कापसाची लिंबाएवढी उशी करून तिला पट्टी लावली, ती मनगटाला बांधली आणि टाचण्या तिच्यात खोचल्या. हे जमत होतं. म्हणजे ओठ गेला तर चालणार होतं. ह्यांना म्हटलं, "दिवाळीपर्यंत नाही. येत्या रविवारनंतर. तुम्ही येणार असाल तर या."

"तू ठरवलंच असेल तर येतो," असं म्हणाले आणि घरात दोन दिवस दुसरं काही बोलले नाहीत. सासूबाई बोलल्या. मला नाही, मशीनला. "पड बाई आता धूळ खात," असं म्हणून तिच्यावर फडकं टाकलं.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी तोवर सूज उतरून तोंड उघडायला लागलं होतं. दाढ काढताना दुखलं नाही. आवाज मात्र कानाच्या आत येत होता, जात्यात खडा सापडल्यासारखा. तीन तुकडे निघाले. डॉक्टर टाके घालत होते तेव्हा मी त्यांचा हात बघत होते. दोरा जरा जास्तच ओढत होते, पण तोंडात कापूस असल्यामुळे सांगता आलं नाही.

घरी आल्यावर रोज सकाळी चहाच्या आधी सासूबाई माझ्यापुढं सुई आणि दोरा धरायच्या. "ओव बघू." मी ओवायची. "आज हाय नजर," त्या म्हणायच्या. "बघू." हे कितीतरी दिवस चाललं. त्या खुशीत की निराश, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नांचं शिवण मी वेळेवर दिलं. ओठ उजवीकडं बधिर झाला होता. बराचसा परत आला. कोपऱ्याखाली रुपयाएवढा तुकडा अजून आलेला नाही, तिथं चहा ओघळला तर दुसऱ्यानं सांगावं लागतं. टाचण्या अजून मनगटावरच असतात.

चाळिशी उलटली आणि मला चष्मा लागला, जसा सगळ्यांना लागतो. सासूबाई तेव्हा खूप थकल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि तोंडात एकूण एक दाढ शाबूत. चष्म्याची काडी चाचपून म्हणाल्या, "म्हन्लं व्हतं का न्हाई?"

"आणि तुमचे डोळे? तुमची तर एकही दाढ काढलेली नाही."

"माझं वय झालं," त्या म्हणाल्या. "तुझी दाढ."

ती पाराजवळची म्हातारी गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या जागी आता मी आहे, हे मला गेल्या महिन्यात कळलं. एक बाई सुनेला घेऊन आली. सुनेचा गाल टम्म सुजलेला. मला वाटलं कपडे टाकायला आल्या. बाईनं माझ्याकडे बोट केलं आणि सुनेला म्हणाली, "बघ. ह्यांनी काढली व्हती. चष्मा बघ केवढा हाय."

"चष्मा चाळिशीनंतर लागलाय," मी म्हटलं. "दाढ काढली तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती."

"लागला ना पण?"

मी बाईचा नाद सोडला. सुनेकडं वळले. बिचारी बोलू शकत नव्हती, तोंड बोटभरच उघडत होतं. "डॉक्टर काय म्हणाले? आडवी आहे?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"ओठाचं सांगितलं?"

पुन्हा हलवली. सासूनं चमकून तिच्याकडं बघितलं, ओठाचं सासूला कुणी सांगितलं नव्हतं.

"तू शिवतेस का? ओठात टाचण्या धरायच्या असतात?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग जा," मी म्हटलं. "जालन्याची गाडी साडेनऊला असते."