मी पास केलेला परवाना

वेल्डिंगचा जोड तपासायची माझी ठरलेली पद्धत होती. वरची खपली हातोडीने उडवायची, तारेच्या ब्रशने घासायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं आणि नखाने चाचपायचं. सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं तरी पोराने जोडलेली पट्टी परत. पास झाली, तर कोपऱ्यात माझ्या आद्याक्षरांचा पंच ठोकायचा. पंच बसला की जबाबदारी माझी. आयटीआयमध्ये मी आयुष्यभर हेच शिकवलं. पोरं पाठीमागे मला खडूस म्हणायची आणि ते मला मनातून आवडायचं.

निवृत्त झाल्यावर मी घरातल्या पंख्याचे स्क्रू तपासू लागलो. बायको म्हणाली, "माझ्या पोळ्यांवर पंच मारू नका म्हणजे मिळवली."

अशात मालाडचा एक एजंट घरी आला. आखातात वेल्डर पाठवायचे होते आणि ट्रेड टेस्ट घ्यायला जाणता माणूस हवा होता. गोरेगावात पत्र्याच्या शेडमध्ये मी पुन्हा एप्रन चढवला. पुन्हा "सर, सर" कानावर पडू लागलं. खोटं कशाला सांगू, ते दिवस झकास गेले.

पहिल्याच आठवड्यात एजंटच्या ऑफिसात भिंतीवरची फ्रेम दिसली. कामगार परदेशी पाठवायचे तर सरकारी परवाना लागतो, तो त्यात लावला होता. सवयीने मी जवळ जाऊन वाचला. मुदत केव्हाच संपली होती. मी बोट ठेवून विचारलं, तर तो हसला.

"रिन्यूअलला टाकलाय हो, सर. तुम्ही जोड बघा, कागद मी बघतो."

आणि मी जोड बघत राहिलो.

अकरा जण माझ्या हाताखालून पास झाले. सर टेस्ट घेतात म्हणजे काम पक्कं, असं ते आपापल्या घरी सांगत होते, हे मला ठाऊक होतं. एजंटने त्यांना पर्यटकांच्या व्हिसावर पाठवलं. तिकडे वेल्डिंगचं नावही नव्हतं. पासपोर्ट काढून घेतले आणि वाळवंटातल्या गोठ्यांवर बकऱ्यांना पाणी पाजायला लावलं. कसेबसे परत आले, तेव्हा एजंटवर गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी मला विचारलं, परवाना संपलाय हे माहीत होतं का? मी म्हणालो, "भिंतीकडे माझं कधी लक्षच गेलं नाही." सुईएवढं भोक शोधणारा माणूस असं म्हणाला, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

मग वर्षं गेली. त्या अकरांतल्या एकाने आरे कॉलनीच्या तोंडाशी ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप टाकलं. त्यांतलेच आणखी तिघे त्याच्याकडे कामाला लागले. खंडेनवमीला तिथे मशिनं बंद असतात, हत्यारांची पूजा होते, आणि नारळ फोडायला दरवर्षी मला बोलावतात. दारावर त्याची टेस्टची पट्टी टांगलेली, कोपऱ्यात माझा पंच. त्या पट्टीखालून वाकून आत जाताना दरवर्षी मानेला घाम फुटायचा.

गेल्या खंडेनवमीला माझ्या खिशात कोर्टाचं समन्स होतं. खटला अखेर उभा राहिला होता. मुदत संपल्याचं आपल्याला कळलंच नाही, असं एजंटचं म्हणणं होतं. त्याला ते कळलं होतं, हे सांगू शकणारा माणूस मी एकटा. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि मी त्या चौघांना सगळं सांगून टाकलं.

वर्कशॉपच्या मालकाने हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाला, "सर, माझी पट्टी किती वेळा परत पाठवलीत?"

"तीन वेळा."

"तिसऱ्या वेळी भोक मला दिसतच नव्हतं. तुम्ही भिंग आणून दाखवलंत. आणि लायसनला एवढं भगदाड, ते एका फटक्यात पास?"

"त्याच भगदाडातून तर आपण गेलो ना, थेट बकऱ्यांकडे," दुसरा म्हणाला, आणि चौघंही पोट धरून हसले. एकाने तर बकरीचा आवाजही काढला.

मला मात्र हसू येईना. मालकाने स्टूल ओढलं आणि दारावरची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "हसलो म्हणजे माफ केलं असं नाही, सर. कोर्टात हेच सांगणार?"

"सांगेन."

"मग मीच नेतो तुम्हाला. ही तोवर खाली."

सरकारी वकिलांनी बजावलं, "आजोबा, हे बोललात तर तुम्हीही आरोपी होऊ शकता." घरी बायको म्हणाली, "जेलात बिनमिठाचं मिळतं का ते विचारून ठेवा." आणि माझा इस्त्रीचा सदरा बाहेर काढला.

बोरिवलीच्या कोर्टात मी फ्रेमपासून बकऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. एजंटच्या वकिलाने विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा."

"स्वतःच अडकाल, कळतंय का?"

"कळतंय साहेब. पंच माझाच आहे."

जबाब टाइप होऊन सहीला आला. मी चष्मा लावून ओळ न ओळ वाचली आणि एका ठिकाणी 'मालाड'चं 'मुलुंड' झालेलं पकडलं. ते दुरुस्त केल्याशिवाय सही करीना, तेव्हा टायपिस्टने कपाळाला हात लावला. मागच्या बाकावरून चौघांची खुसखुस ऐकू आली, आणि कित्येक वर्षांनी माझी छाती फुगली.

निकाल अजून लागायचा आहे. माझं काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. पण त्या दुपारी मालकाच्या स्कूटरवर मागे बसून, पिशवीत पट्टी घेऊन मी वर्कशॉपवर गेलो. वाटेत त्याने वडापाव खायला घातला, वर तिखट चटणीही. दारात स्टूल तयार होतं.

"लावू का वर, सर?"

"थांब. आधी नीट बघू दे."

"वाट लागली," तिघं एका सुरात म्हणाले. मी पट्टी उजेडात धरली, आणि जोडावरून नख फिरवू लागलो.