बक्षीस मिळालेला हात

आमच्या घरची भाकरी एका बाजूला जाड असायची. लहानपणी मला वाटे, भाकरी अशीच असते. पुढे हायस्कुलासाठी नगरला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात आले आणि ताटात सगळीकडून सारखी भाकरी पडली, तेव्हा ती कुणाची तरी चूक आहे अशीच माझी समजूत झाली.

ती जाड बाजू आईच्या हातामुळे. मी फार लहान असताना पाणी शेंदताना रहाटाचा दांडा उलटा फिरून लागला आणि तिचा उजवा हात कोपरात मोडला. नेवाशाकडच्या आमच्या खेड्यात कसला आलाय डॉक्टर! हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. सोडला तेव्हा कोपर बाहेर आलेलं आणि पंजा भलतीकडेच वळलेला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मोठ्या दवाखान्यात नेतो, नेतो म्हणत राहिले आणि नेलं नाही. आई त्याच हाताने दळायची, सारवायची, भाकरी थापायची आणि वर त्याची थट्टाही करायची. "माजा हात वळणावर थांबलाय. फुडं कुनी बोलवलंच न्हाई त्याला." आम्ही हसायचो, तीही हसायची. त्यामुळे त्या हाताचं तिला काही वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लढाईची वर्षं होती. पुढारी कैदेत असलेल्या किल्ल्याकडच्या रस्त्याला पहारे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चांगला कागद औषधालाही सापडायचा नाही. वर्गात आम्ही पाठकोऱ्या कागदांवर गिरवायचो. अशात जिल्ह्यातल्या हायस्कुलांची चित्रकलेची स्पर्धा जाहीर झाली. विषय होता घरातलं काम, आणि चित्र आठवणीतून काढायचं होतं. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी कपाटात कुलपाखाली जपलेला जाड कागद बाहेर काढला आणि निवडक मुलींना एकेक ताव दिला. "बिघडवलात तर दुसरा नाही," एवढंच म्हणाले. गृहस्थ मुळात कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते टोचायचं.

मी आईला काढलं. चूल, काटवट, शेजारी पिठाचं मडकं आणि भाकरी थापणारी आई. मला घराची सारखी आठवण यायची, पण बोर्डिंगात रडायची सोय नव्हती. रडणाऱ्या मुलीच्या हातात मेट्रनबाई झाडू द्यायच्या. मग मी त्या चित्रातच जाऊन बसले. सगळ्यात जास्त वेळ हाताला लागला. कोपर कुठे बाहेर येतं, पंजा पिठावर पडताना आधी अंगठ्याकडून कसा टेकतो, हे मला डोळे मिटूनही दिसत होतं. हात झाला आणि मला वाटलं, आता आई आली.

ड्रॉइंग मास्तरांची रीत अशी, की स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक चित्रावर ते शेवटचा हात फिरवायचे. बाकीच्या शाळांतही तसंच चालायचं म्हणत, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मी चित्र बघायला गेले तर आईचा हात सरळ! कोपर आत, मनगट गोल, बोटं सुरेख. माझी रेघ खोडून इतकी साफ केलेली, की कागदालाही ती आठवत नसावी.

"सर, हात..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"अगं, सगळं चित्र छान आणि हात तेवढा मोडका काढलास. हाडांची जागाच चुकली होती."

"माझ्या आईचा हात तसाच आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. "असेल. पण परीक्षक तुझ्या आईला ओळखतात का? ते म्हणतील, या मुलीला हात काढता येत नाही."

ते म्हणाले ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला आजही जास्त राग येतो. दुसरा कागद नव्हता. चित्र गेलं तसंच.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आमच्याच शाळेच्या मोठ्या खोलीत सगळी चित्रं टांगली, समारंभ झाला आणि परीक्षक बोलायला उभे राहिले. या वयाच्या मुलीने काढलेला इतका निर्दोष हात आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी रंगांची पेटी घेऊन खाली उतरले. मागच्या रांगेत मास्तर मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांच्या रेघेला उभ्या जन्मात पहिल्यांदाच कुणी वाखाणलं असावं, आणि तेही माझ्या नावावर. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

प्रदर्शन संपायच्या आत आईवडील आले. गॅसच्या त्या मोटारीत बसून, रस्त्याची सगळी धूळ अंगावर घेऊन. खोलीत शिरताना आईने पदर उजवीकडे ओढून हात झाकला. तिची ही लकब मी जन्मापासून बघत आले होते. बायका पदर सावरतात, तसाच हाही, असं मी धरून चालले होते.

ती चित्रासमोर उभी राहणार आणि विचारणार, ही कोण गं? मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. हात मास्तरांचा आहे, माझा नाही, हे सगळ्यांच्या देखत सांगणार होते.

आई चित्रासमोर आली. मग डाव्या हाताचं बोट तिने चित्रातल्या कोपराजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"लई ग्वाड काढलास गं हात माजा," ती म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेजारी मेट्रनबाई उभ्या होत्या. एरवी परक्यांशी न बोलणारी माझी आई त्यांना आपणहून म्हणाली, "ही मीच हाय. लेकीनं काढलंया."

ठरवलेलं उत्तर मी दिलं नाही. म्हणजे ती थट्टा, ते हसणं, सगळं आमच्यासाठी होतं. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, पोरीला बक्षिसाचा आनंद झालाय.

चित्र शाळेकडेच राहणार होतं. निघताना आई म्हणाली, "मंग सुट्टीत घरी आल्यावर मला येक काढून दे. अस्संच."

हे मी मास्तरांना सांगितलं. तुमचा हात आईला आवडला, असं मुद्दाम टोचून सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"म्हणजे हात खरंच तसा आहे?"

"मी सांगितलं होतं, सर."

ते उठले, कपाट उघडलं आणि जाड कागदाचा एक ताव गुंडाळून मला दिला. "याला मी हात लावणार नाही," म्हणाले. "तुला हवं तसं काढ."

हवं तसं! मला काय हवं होतं, तेच तर कळेनासं झालं होतं. सरळ काढला तर आई खोटी, वाकडा काढला तर आईला दुखणार.

सुट्टीत आई रविवारी उपासनेला नेसायचं लुगडं नेसून चुलीपाशी बसली. भाकरी थापायची तर त्या लुगड्याची काही गरज नव्हती. मी पेन्सिल हातात घेतली आणि तिने पदर ओढून हात झाकला.

"आई, हात बाहेर घे ना."

"कसा काढनार हायेस?" तिने विचारलं.

मी पेन्सिलीला टोक काढू लागले. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती, पण हसतही नव्हती.

"मंग ऱ्हाऊ दे झाकल्याला," ती म्हणाली.

मी चित्रात पदरच काढला. होतं नव्हतं ते सगळं कसब त्याच्या चुण्यांत ओतलं. आईला चित्र आवडलं की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही, पण ते भिंतीवरून उतरूही दिलं नाही.

ती गेल्यावर चित्र माझ्याकडे आलं. घरी येणारी माणसं पदराची फार तारीफ करतात. परवा नातीने मात्र विचारलं, हिचा दुसरा हात कुठे आहे? पदराखाली, मी म्हटलं. कसा होता? म्हणाली. कागद-पेन्सिल समोरच होती, पण मी माझाच हात तिच्यापुढे धरला आणि कोपरात तसा वळवून दाखवू लागले. तो तितका वळत नाही.