काळी पाचचा तंबोरा

साताऱ्याच्या स्टँडवर आक्काचा तंबोरा उभा धरून बसची वाट बघताना मी जरा रुबाबातच होतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी फौजेत मुलूखभर हिंडत होतो, तेव्हा ती घरी गाणं शिकवायची. मग आई अंथरुणाला खिळली, शिकवण्या बंद पडल्या आणि तंबोरा भिंतीला लागला तो लागलाच. आई गेल्यावर वर्षभरानं मेथी निवडता निवडता आक्का म्हणाली, "बाळू, तंबोरा दुरुस्त झाला तर पुन्हा गायला बसावं म्हणते." मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी मी मिरजेला निघालो. "मी येऊ का?" तिनं विचारलं. "गुडघ्यांचं काय करशील? मी आहे ना," म्हणून मी तिला गप्प केलं.

कंडक्टरनं गवसणीकडे (वाद्याच्या कापडी खोळीकडे) संशयानं पाहिलं. "आवं मामा, ह्यात काय हाय?"

"तंबोरा."

"मग भोपळा खिडकीकडं करा. उंब्रजला लय गर्दी चढती, फुटंल."

खरोखरच उंब्रजला गाडी ठासून भरली. शेजारी बसलेल्या म्हातारीनं न सांगता भोपळ्यावर हात ठेवला, तो कराड येईपर्यंत काढला नाही. कराडला गाडी बदलली, गरम वडा खाल्ला, जीभ पोळली. पुढं सांगलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

मिरजेत ज्या गल्लीत तंतुवाद्यं होतात तिथं लाखेचा आणि ताज्या लाकडाचा वास होता. कारखाना कसला, दहा बाय बाराची खोली. आढ्याला वाळके भोपळे टांगलेले. रशीदचाचा सत्तरीचे. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, एक तार छेडली आणि भोपळ्याला कान लावून डोळे मिटले.

"लाकूड लय चांगलं हाय. कुनाचा म्हनायचा?"

"बहिणीचा. तिला परत गायचंय."

"अल्ला! मग चांगलाच झाला पायजे. बाईंचा आवाज आता कुठल्या पट्टीत लागतो?"

चाचांनी समजावून सांगितलं, "वय झालं की आवाज खाली येतो. पट्टी बघून तारा घालायच्या, तारा बघून जवारी काढायची. (जवारी म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, तो तारांखालची घोडी घासून जमवतात.) बाईंनाच आनायचं हुतं. फोन लावा, सा म्हनू द्या, मी ऐकतो."

फोन खिशातच होता. पण सख्ख्या बहिणीचा गाता आवाज तीस वर्षांत आपण धड ऐकलेला नाही, हे परक्या माणसासमोर कबूल करायचं? लाज वाटली मला. आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो. "फोन कशाला? काळी पाच! मला ठाऊक आहे," मी फौजी थाटात म्हणालो. तरुणपणी ती पेटीवर तोच, पाचव्या काळ्या पट्टीचा चढा सूर धरायची.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनता तर तसं. दोन दिस लागतील."

ते दोन दिवस मी सांगलीत काढले. कृष्णेच्या घाटावर बसून भडंग (तिखट, लसणीचे चुरमुरे) खाल्ले, आक्कासाठी एक पुडा बांधून घेतला. संध्याकाळी एका नाट्यगृहात संगीत नाटकाची तालीम चालली होती, तिथं मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. पन्नाशीची नटी पद अर्ध्यावर थांबवून ऑर्गनवाल्याला म्हणाली, "दादा, दोन पट्ट्या खाली घ्या. वरचं आता जमत न्हाई." तो हसला, "मग आधी नाही का सांगायचं?" आणि त्यानं घेतल्या की खाली! मला चाचांचा प्रश्न आठवला. अजून एक दिवस हातात होता. तरी मी ना आक्काला फोन केला, ना चाचांना. जमेल तिला, असं स्वतःला सांगत राहिलो.

तंबोरा घेऊन घरी पोचलो तर आक्का ठेवणीतली साडी नेसून, सतरंजी अंथरून बसलेली. तारा छेडल्या आणि खोली भरून गेली. काय सुंदर बोलत होता तो तंबोरा! तिनं सा लावला आणि आवाज चिरकला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिनं खुंट्या पिळून सूर खाली आणला, तर तारा ढिल्या पडून खरखरायला लागल्या.

"काळी पाचला कुणी सांगितलं रे?"

"हा त्याच पट्टीचा आहे म्हणाले ते. दुसरीकडं लागायचा नाही," मी म्हणालो. किती सहज खोटं बोललो मी!

"असंल. माझाच आवाज गेला म्हणायचा," म्हणत तिनं गवसणी चढवली. वर माझ्यासाठी चहा टाकला.

आठवडाभर मी खात होतो, पण अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी एका सकाळी धीर केला आणि सगळं सांगून टाकलं. चाचांचा प्रश्न, खिशातला फोन, माझं खोटं. "आजच मिरजेला जाऊ. तू समोर बस, ते तारा बदलून देतील," म्हणत मी तंबोऱ्याच्या कोपऱ्याकडे वळलो. कोपरा रिकामा होता.

"काल गल्लीच्या टोकाच्या घरातल्या मुलीला दिला," आक्का म्हणाली. "काळी पाचला गाते ती. पाया पडली, रडली पोरगी."

"मी मागून आणतो. समजून घेतील ते लोक."

"काही नको." तिनं मेथीची जुडी पुढं ओढली. मग मान वर न करता म्हणाली, "फोन केला असतास तर मी स्वयंपाकघरातूनसुद्धा लावला असता रे सा."