पाचच्या आत महाड

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. माझी कॉलेजातली मैत्रीण नीलिमा स्टँडसमोर छत्री घेऊन उभी होती. ती कुडपणच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. दोन दिवस तिच्याकडे राहायचं आणि पावसाळ्यातलं कुडपणचं पठार पाहायचं, एवढाच माझा बेत होता.

चहा निम्मा झाला असेल, तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे तिची विद्यार्थिनी सानिका हिचे वडील होते. ते मुंबईत एका गोदामात कामाला आहेत. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाई, सानिकाचा नंबर लागला. एक जागा खाली झालीय. पण आज पाचच्या आत हजर व्हायला पायजे, नायतर जागा पुढच्याला जाणार. घरी फोन लागत नाय. मी निघालोय, पण पाचपर्यंत नाय पोचायचा."

नीलिमाने मला थोडक्यात सांगितलं. महाडच्या पुढे एक सरकारी निवासी शाळा आहे. सहावी ते बारावी, गणित-विज्ञानावर भर, राहणं-जेवण तिथेच. सानिकाने पाचवीत असताना तिची प्रवेशपरीक्षा दिली होती आणि प्रतीक्षा यादीत ती पहिली होती.

"गाडी तुझी आहेच," नीलिमा म्हणाली. "चल."

कुडपणला वर जाताना धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं. पठारावर आलो आणि धुकं एकदम बाजूला झालं. चहूकडे हिरवी खाचरं, कड्यावरून खाली पडणारे पांढरे ओहळ आणि नाचणीची लावणी करणाऱ्या बायका. त्यांतल्याच एक सानिकाची आई, सुनंदाताई. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजच?" त्या म्हणाल्या. "एकटी राहील का गो ती?"

"ते तिलाच विचारा," नीलिमा म्हणाली.

सानिका बांधावर रोपांच्या जुड्या मोजत होती. अकरा वर्षांची, अंगाने बारीक. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि पाय धुवायला पळाली. आईला उत्तर मिळालं.

घरी कागद पत्र्याच्या पेटीत नीट ठेवलेले होते. नीलिमाने शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी माझ्या हातात नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी (पावसाळ्यात उगवणारी रानभाजी) ठेवली. "उपाशी गाडी नाय चालवायची," त्या म्हणाल्या. मी उभ्यानेच खाल्लं.

उतरताना घाटात झाड आडवं पडलेलं. समोर एसटी थांबलेली, माणसं नुसती बघत उभी. सुनंदाताई गाडीतून उतरल्या, कमरेच्या आकडीतून (कोयता अडकवायच्या लाकडी कडीतून) कोयता काढला आणि फांद्या तोडायला लागल्या. मग दोघं-तिघं पुढे झाले, ड्रायव्हर आला, मीही आले. अर्ध्या तासात खोड बाजूला ढकललं. माझे तळहात सोलले होते, ते मला नंतर कळलं.

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचा दाखला घ्यायचा होता. रांग मोठी होती. नीलिमाने रांगेतल्या लोकांना कारण सांगितलं आणि एका म्हाताऱ्या बाबांनी सानिकाला हाताला धरून पुढे नेलं.

शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. कारकून शांतपणे एकेक कागद पाहू लागले. शाळेच्या दाखल्यावर थांबले.

"जन्मतारीख अक्षरी लिहिलेली नाही. दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानेच चालते."

"मीच मुख्याध्यापिका," नीलिमा म्हणाली आणि पर्समधून शिक्का काढला. घाईत तिने शिक्का आणि पॅड दोन्ही बरोबर घेतली होती.

शेवटी प्राचार्यबाईंनी सानिकाला पुढे बोलावलं. "बाळ, तुला इथे का यायचंय?"

"आमच्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग हायत," ती म्हणाली. "मला पुढचं गणित पायजे."

बाईंनी सही केली आणि सामान घेऊन उद्या सकाळी राहायला या म्हणाल्या. सुनंदाताईंनी आपलं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "झालं," एवढंच म्हणाल्या, आणि मग कितीतरी वेळ फोन कानाला लावून हसत राहिल्या. वडील वाटेतच होते. संध्याकाळी ते महाडच्या स्टँडवर उतरले तेव्हा आम्ही चौघी गरम वडे खात होतो. त्यांनी लेकीला उचललं, आणि ती लाजून "बाबा, सोडा" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघाले. पठार जेमतेम तासभर पाहून झालं होतं, पण त्याची हळहळ वाटली नाही. सानिकाने जागा स्वतःच्या बुद्धीवर मिळवली होती. आम्ही तिला फक्त वेळेत पोचवलं. डोंगरावरच्या मुलीसाठी वेळेत पोचणं हीच दुसरी प्रवेशपरीक्षा असते, हे मला पुण्यात बसून कधी कळलं नसतं. त्या परीक्षेतही सानिका पास झाली, आणि तो निकाल मी डोळ्यांनी पाहिला.