शुक्रवारचा सदरा

मुरुडचा आमचा मिस्त्री कधी वाद घालत नसे. "व्हय शेठ," म्हणायचा आणि आपलंच खरं करायचा. माझा नवा डिझेल ट्रक पाचशे मैल चालला, तेव्हा तो म्हणाला, "पहिलं ऑइल बदला." मुंबईला नारळ पोचवायचे होते. मी म्हणालो, "नव्या गाडीला कसली घाई?"

तो नुकताच नमाज पढून, पांढऱ्या सदऱ्यात आला होता. त्यानं इंजिनातून ऑइल मोजायची पट्टी उपसली आणि सरळ बाहीला पुसली. "मळक्या फडक्यावर दिसलं नसतं. काळ्याला भिऊ नका, डिझेलचं ऑइल काळं व्हतंच. ही चमक बघा, लोखंडाचा चुरा हाय. नवं इंजिनच जास्त झिजतं."

मी चावी दिली.

डाग काही गेला नाही. दर शुक्रवारी तो तोच सदरा घालून माझ्या ट्रकसमोरून जाई. बोलत काही नसे. मीच मनात मैल मोजी.