राखणदार नव्हे, वाळीतला

वाळीतबाब हॉटेलात शिरले की प्रथम खिशातून चष्म्याचे घर काढीत. त्यात चष्मा नसे. कापसाच्या गादीवर अंगठ्याएवढा एक योद्धा निजलेला असे. अंगात राखाडी चिलखत, डोक्यावर बिनचिन्हाचे शिरस्त्राण, हातात स्वतःच्या उंचीहून लांब असे आग ओकणारे शस्त्र. त्याला मेजावर उभा करून, त्याचे तोंड दरवाजाकडे आहे याची खात्री पटल्यावर मगच ते भाजी-पाव मागवीत. कोणी विचारले, "बाब, हो कोण?" की छाती किंचित पुढे काढून सांगत, "हो वाळींत घातलेलो. ह्याका कोणूच ना." सांगण्याचा थाट असा, की आपल्याला घरदार, नातीगोती आहेत याचीच ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

डिचोलीत मामलेदार कचेरीसमोर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. माझे शिक्षण परिस्थितीने आठवीत थांबविले. तथापि या तालुक्यातील कित्येक पदवीधरांची गाऱ्हाणी माझ्याच लेखणीतून सरकारदरबारी गेली आहेत, एवढे नमूद करून मुख्य विषयाकडे वळतो. बाब मुळगावचे. मुरगाव बंदरात क्रेन चालविण्यात त्यांची उमर गेली. तेथे खनिजासाठी नांगर टाकून पडलेल्या एका बोटीवरच्या परदेशी इंजिनियराने त्यांना हा मेजावरच्या लढाईचा खेळ शिकविला आणि बोट निघताना खोकाभर सैन्य भेट दिले. निवृत्तीनंतर बाब ते सैन्य घेऊन गावी परतले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, घरात त्याला जागा नाकारली. "उंदरांक खेळूंक दिवचे?" एवढेच त्या म्हणाल्या. सबब सैन्य माझ्या टेबलामागील खोलीत वस्तीस आले.

एक जुने दार आडवे टाकून आम्ही रणभूमी केली. नारळाच्या करवंट्या म्हणजे परग्रहावरचे घुमट आणि चिऱ्याचे तुकडे म्हणजे डोंगर. फासे टाकायचे, मेजपट्टीने अंतर मोजायचे आणि त्याप्रमाणे सैन्य पुढे सरकवायचे. तिसरा भिडू बाळू, मूळ कोल्हापूरकडचा, येथील औद्योगिक वसाहतीत फिटर. त्याच्याकडे पोलादी रणगाडे असत. माझ्याकडे तह करण्याचे काम असे. कारण उभय पक्षांना मान्य होईल अशी भाषा मलाच येत होती.

खेळामागची कथा बाब पुराण सांगावे तशी सांगत. फार पुढच्या काळात माणसे ताऱ्यांवर जाऊन राहिली आहेत आणि आपली भांडणेही बरोबर घेऊन गेली आहेत. त्यांतली एक जमात पोखरलेल्या ग्रहांच्या पोटात राहते. तेथे जो योद्धा वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडतो, त्याचे कुळचिन्ह खरवडून काढतात आणि त्याला वाळीत टाकतात. परंतु शत्रूचे चालते रणगाडे फोडण्याचे कसब एकट्या त्याच्याच हाती असते. कारण ते शस्त्र रणगाड्याच्या पोटाशी जाऊन चालवावे लागते, आणि ज्याची घरी कोणी वाट पाहत आहे तो मनुष्य तेथवर जात नाही. सेनापतीचा हुकूम त्याला लागू नाही. स्वकीयांपासून त्याने निदान एक वीत दूर उभे राहायचे. आणि त्याला पुन्हा रांगेत घेतले, तर तो चारचौघांसारखा शिपाई होतो, त्याचे शस्त्र विझते. "फौज जिखता," बाब म्हणत, "पूण दार उगडता तो वाळीतलो."

"ते खरं ओ बाब," बाळू म्हणे, "पर ह्यो एवढा एकटा हिंडतोय, तर ह्याला जेवायला कोण घालतंय?"

"लढायेंत असलीं चवकशी करिनात," बाब त्याला गप्प करीत आणि पुढच्याच डावात त्याचा सर्वांत मोठा रणगाडा जाळीत. फासे कसेही पडोत, त्या योद्ध्याला हात लावताना बाबांचा श्वास रोखलेला असे. त्याचे चिलखत त्यांनी स्वतः रंगविले होते. बाजारातली कुंचली जाड पडते म्हणून स्वतःच्या मिशीचे केस काडीला बांधून कुंचली केली होती. त्या दिवसांत त्यांची मिशी उजव्या बाजूने विरळ दिसे, आणि वहिनी त्यांच्याबरोबर लग्नाला जाणे टाळीत.

आता ज्या प्रसंगामुळे खुद्द बाबांना हे नाव चिकटले, तो सांगतो. शिगम्याला गावाच्या मंडळाचा चित्ररथ निघतो. त्यावरील राक्षसाचे हात-पाय, जबडा हलविण्याचे काम क्रेनवाला म्हणून बाबांकडे असे. त्या वर्षी त्यांनी कोणालाही न विचारता, रथाच्या मागच्या कोपऱ्यात, आपला योद्धा पुरुषभर उंचीचा करून उभा केला. मिरवणुकीत परीक्षकांनी मंडळाच्या अध्यक्षांना विचारले, "लंकेच्या लढाईत हा शिरस्त्राणवाला कोण?" अध्यक्ष दत्ताबाब. त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान आहे आणि कोणत्याही प्रश्नाला 'ठाऊक नाही' म्हणण्याची त्यांना सवय नाही. ते तात्काळ उत्तरले, "हो आमचो राखणदार."

राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा, रात्री काठी आपटीत फिरणारा देव. त्याच्या नावाने हसायचे नसते. दुसऱ्या दिवशी रथ शेडीत लावला, तर योद्ध्याच्या पायाशी रोट, केळी आणि विड्यांचे बंडल. तिसऱ्या दिवशी गळ्यात अबोलीची माळ. हरवलेली म्हैस सापडावी म्हणून कोणी त्याला गाऱ्हाणे घातले आणि दुर्दैवाने म्हैस सापडली. त्यानंतर शेडीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

बाबांना हे कळले तेव्हा ते धावत शेडीत गेले. "राखणदार न्हय रे हो!" ते ओरडले. "ह्याका गांव ना, वेस ना! हो वाळीतलो! तुमी ताका देव करून ताचो अपमान करतात!" एवढ्यावर थांबते तरी निभावले असते. पण मुद्दा सिद्ध करण्याच्या भरात त्यांनी नैवेद्याची केळी सर्वांसमक्ष सोलून खाल्ली आणि देवापुढे पेटत ठेवलेल्या विडीने आपली विडी पेटविली.

मंडळाची सभा भरली. दत्ताबाब म्हणाले, "आजच्यान तुजें आनी मंडळाचें कांयच ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाब माझ्या टेबलाशी आले, ते मुलगा पास झाल्याच्या चेहऱ्याने. "रायटर! माका वाळींत घातलो!" सामाजिक बहिष्कार हा गुन्हा होऊ शकतो, तक्रारीचा मसुदा मी बसल्या जागी करून देतो, असे मी त्यांना समजाविले. "गुन्हो कसलो? मान तो!" त्यांना तक्रार नको होती, वाळीत टाकल्याचा रीतसर दाखला हवा होता. मी 'दाखला मिळणेबाबत' असा पंचायतीच्या नावे अर्ज लिहिला. तो आजही माझ्या उत्तम लेखनांपैकी एक मानतो. कारकुनाने असा दाखला देण्याची तरतूद नाही म्हणून तो परत केला. बाब उलट खूश झाले. "पळे, पंचायतूय आपलो म्हणना!"

तेव्हापासून ते वाळीतबाब. बाजारात कोणी बाजूला सरले तरी त्यांना धन्य वाटे. चतुर्थीला आरतीचे बोलावणे आले नाही, तर ते स्वतःच्या ओसरीवर ताठ बसून राहिले. जणू समोरून रणगाडा येतो आहे.

आणि पौष आला. पौषात आमच्याकडे बायका ओळीने काही रात्री मांडावर, म्हणजे ठरलेल्या पवित्र अंगणात, धालो घालतात, गात नाचतात. समोरासमोर दोन रांगा. एक रांग पद उचलते, दुसरी परतविते. पुरुषांनी तेथे फिरकायचे नाही. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, पहिले पद उचलण्याचा मान गेली कित्येक वर्षे वहिनींचा होता. त्यांना येऊ नका असे कोणी सांगितले नाही. मात्र दरवर्षी जाताना दारातून हाक मारणाऱ्या बायका या वेळी हाक न मारता पुढे गेल्या. वहिनी नेसून, माळून, उंबऱ्याशी उभ्या होत्या, हे मला पुढे शेजाऱ्यांकडून कळले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचे ताट स्वयंपाकघराच्या बाहेर येऊ लागले. पाटाजवळही नाही, मध्ये बरोबर एक वीत मोकळी जागा ठेवून. "तुमचोच नियम," वहिनी म्हणाल्या. बाब हात लांब करून जेवत. कौतुकाने त्यांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली. बाळू हसला नाही. "बाब," तो म्हणाला, "वहिनी चिडल्यात ओ." बाबांनी फासे खुळखुळविले.

त्याच आठवड्यात, ऐन डावात, वहिनी माझ्या खोलीत आल्या. यापूर्वी त्या तेथे कधी आल्या नव्हत्या. मी उठून खुर्ची दिली.

"बसूंक येवंक ना, रायटरभाऊ," त्या म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. "आयकलां? ह्या तुमच्या बावल्याक कोणूच ना न्हय?"

"ना," बाब म्हणाले.

"बायल?"

बाळू हळूच म्हणाला, "वहिनी, ह्या खेळात कुणालाच बायको न्हाई."

"म्हणून तो खुशाल वाळींत रावता. तुमकां आसा. वाळींत वचपाची हौस तुमची, आनी घरांत बसचें पडलें माका." त्यांचा आवाज चढला नाही. "काल पयलें पद उचललें आनी मधींच विसरलीं तीं. इतलें आयकूंक आयलें माका. तें पद हांवें घरांत, चुलीमुखार, तोंडांतल्या तोंडांत पुरें केलें."

"पूण नियम..."

"नियम तुमच्या मेजार. माजो मांड मेजार ना."

वहिनी गेल्या. डाव असा होता की बाळूचा रणगाडा योद्ध्याच्या पुढ्यात आलेला. बाबांनी फक्त फासा टाकायचा अवकाश. त्यांनी फासा खाली ठेवला. योद्ध्याला दोन बोटांत उचलले, बराच वेळ धरून ठेवले आणि मागे, सामान्य शिपायांच्या रांगेत, दोघांच्या मध्ये उभा केला. शस्त्र विझले. ज्याला आयुष्यात हा खेळ जिंकता आला नव्हता तो बाळू त्या क्षणी जिंकला होता, आणि रडकुंडीला आला होता.

"बाब, चाल मागं घ्या की. असं जिंकून मला काय गोड लागायचंय?"

"मार रे," बाब म्हणाले. "तुजी पाळी."

बाबांनी मंडळाची माफी मागायचे ठरविले. ती लेखी असावी असा मी आग्रह धरला व रातोरात एक सविस्तर माफीनामा तयार केला. 'उपरिनिर्दिष्ट केळ्यांबाबत' हा त्यातील परिच्छेद विशेष साधला होता. दत्ताबाबांनी पहिल्या ओळीवरच हात वर केला. "कागद नाका. फाल्यां शेडींत येयात. रोट, केळीं, विडी हाडात. राखणदाराक आपल्या हातान दवरात आनी पांयां पडात. मंडळाचें सोपलें."

अट साधी वाटेल. परंतु आपण स्वतः घडविलेल्या, ज्याला जगात कोणी नाही अशा योद्ध्याला गावचा राखणदार म्हणून हात जोडणे, ही बाबांच्या दृष्टीने काय गोष्ट होती, हे फक्त बाळूला आणि मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बरोबर गेलो. शेडीत वाड्यावरची माणसे जमली होती. बाबांनी रोट ठेवला, केळी ठेवली, विडी पेटवून पायाशी ठेवली. मग पुढे वाकून त्याच्या शिरस्त्राणाशी तोंड नेऊन काही पुटपुटले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आले: "माफ कर रे. तुकाय आज भितर घेतलो."

"किदें सांगलें?" दत्ताबाबांनी विचारले.

"गाऱ्हाणें घातलें," बाब म्हणाले.

त्या संध्याकाळी बायकांनी दारातून हाक मारली. वहिनी तयार नव्हत्या. हातातला विळा टाकून, तशाच साडीवर गेल्या. मांडाकडे मला जाता येत नव्हते; परंतु काही कामानिमित्त मी स्कूटर घेऊन त्या बाजूच्या रस्त्याने गेलो होतो. झाडांपलीकडून पहिले पद उचलल्याचा आवाज आला आणि ते कोठेही न अडखळता शेवटपर्यंत गेले. रस्त्याच्या कडेला बाब उभे होते. मला पाहून म्हणाले, "स्कूटर बंद कर मरे." मी बंद केली.

त्यानंतर ते आमच्या खोलीवर खेळायला आले नाहीत. शिगमा जवळ आला होता आणि संध्याकाळी ढोलाचा सराव असे. सैन्य त्यांनी आमच्याकडेच ठेवले. बाळू आणि मी अधूनमधून डाव मांडतो. वाळीतला कोणी व्हायचे यावर आमचा तह होत नाही, कारण दोघांनाही ती भूमिका नको असते. वीतभर अंतरावर ठेवलेला आमचा योद्धा दोन चालींत आपल्या माणसांकडे सरकलेला असतो.

एकदा मी मुद्दाम सराव पाहायला गेलो. ढोल-ताशांची रांग लागली होती. विसाव्यात बाब गळ्यातला ढोल सावरीत माझ्याकडे आले. घामाघूम झाले होते.

"बाब, पूर्वीची आठवण होते का?" मी विचारले.

त्यांनी कपाळ पुसले. "रायटर, एकटें उबें रावप सोंपें रे. मुखार दुस्मान, फाटीं कोण ना. हांगा पळे! फाटीं आसा ताचो ढोल म्हज्या कानांत, म्हजो कोपर शेजाऱ्याच्या पोटांत, आनी हात कोणाचो चुकलो तें कोणाकूच कळना." ढोलाची दोरी खांद्यावर ओढून घेत ते म्हणाले, "हें कठीण."

पलीकडून दत्ताबाबांनी शिटी वाजविली. "ओ बाब! रांगेंत!"

कोणत्याही सेनापतीचा हुकूम कधी न मानलेले ते गृहस्थ ढोल सांभाळीत धावत सुटले, आणि शेजाऱ्याला "मात्सो सर रे" म्हणत, जेमतेम अंग मावेल एवढ्या फटीत शिरले.